हिरव्या पानांचा सडा

कोट्टायमच्या आसपास जुलै महिन्यात रबराच्या बागेत शिरले आणि पायाखाली हिरव्या पानांचा सडा दिसला, तर जुना जाणता टॅपर वर झाडाकडे पाहत बसत नाही. तो वाकून एक पान उचलतो आणि त्याचा देठ निरखतो. देठावर काळपट डाग आहे काय, त्या डागाच्या मधोमध चिकाचा पांढरा थेंब गोठून बसला आहे काय, एवढेच त्याला पाहायचे असते. मग तो पान हलकेच झटकतो. रबराच्या एका देठाला तीन पाने असतात. झटक्यासरशी ती देठापासून सुटून पडली की निदान झाले. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही आणि सूक्ष्मदर्शकही लागत नाही. अडचण एवढीच की निदान झाले तेव्हा उपाय हातातून गेलेला असतो. या रोगावरचा इलाज मे महिन्यात करायचा असतो. तो झाला नाही, याची पावती जुलैत मिळते.

रबराच्या अकाली पानगळीची ही गोष्ट. रबराचे झाड वर्षातून एकदा पाने टाकतेच. पण ती थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, पिवळी-लालसर होऊन. नंतर नवी पालवी फुटते आणि मार्चअखेर बाग पुन्हा दाट होते. त्या नैसर्गिक पानगळीने कोणी घाबरत नाही. पावसाळ्यातली पानगळ निराळी. तिच्यात पान हिरवेच असते, फार तर तांबूस झालेले. बहुतेक वेळा पानांआधी फळे सडतात. रबराला तीन कप्प्यांची हिरवी फळे लागतात. सततच्या पावसात त्यांच्यावर पाणी मुरल्यासारखे डाग पडतात, मग ती करडी, निस्तेज होतात आणि त्यांच्यावर कापसासारखी पांढरट बुरशी धरते. त्या फळांवरून पावसाचे थेंब खालच्या पानांवर पडतात आणि पंधरवड्यात अर्धी बाग उघडी पडते. बागेत चालताना डोक्यावर आभाळ दिसू लागले, की शेतकरी समजतो.

१९१० च्या सुमारास त्रिशूर जिल्ह्यातल्या पालपिळ्ळी भागातील मळ्यांत हा रोग प्रथम नजरेस आला. बुरशीतज्ज्ञ विल्यम मॅक्रे यांनी १९१८ मध्ये त्यामागचा जीव वेगळा काढून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नाव ठेवले फायटोप्थोरा मीडाय. फायटोप्थोरा या ग्रीक शब्दाचा अर्थच वनस्पतींचा संहारक. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक नासवून लाखो माणसांना भुकेने मारणारा जीव याच कुळातला. कृषी खात्याच्या पुस्तिका आजही त्याला बुरशी म्हणतात आणि बोलण्याच्या सोयीसाठी तसे म्हणायला हरकत नाही. पण शास्त्राच्या हिशेबात तो खऱ्या बुरश्यांमध्ये बसत नाही. त्याचे नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी अधिक जवळचे आहे. हा फरक केवळ नामकरणाचा नाही. खऱ्या बुरशीवर चालणारी बरीच औषधे याच्यावर चालत नाहीत. दुकानदाराने ‘बुरशीनाशक’ म्हणून हातात दिलेली बाटली म्हणूनच पुष्कळदा पैसे वाया घालवते.

या जिवाचे बीजाणू पोहतात. त्यांना शेपटीसारखे दोन तंतू असतात आणि पानावर पाण्याचा पातळ थर मिळाला की ते स्वतःच्या बळावर वाट काढत पेशींपर्यंत पोहोचतात. पाणी नसेल तर त्यांचे काही चालत नाही. म्हणून एखाद्या दिवशी धो धो कोसळून दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन देणारा पाऊस बागेला फारसा बाधत नाही. आठ-दहा दिवस सलग झड लागली, अडीचशे-तीनशे मिलिमीटर पाऊस झाला आणि मध्ये कडक ऊन पडलेच नाही, तर मात्र रोग हमखास. पाऊस किती पडला यापेक्षा तो किती दिवस थांबला नाही, हे इथे महत्त्वाचे. कन्याकुमारी जिल्ह्यात रबर आहे, पण पाऊस तुलनेने कमी आणि उघडीप जास्त. तिथे या रोगाचा जोर केरळच्या मानाने कमी दिसतो.

कोकणातल्या बागायतदाराला ही सगळी कहाणी ओळखीची वाटेल, आणि ती आहेच. पोफळीच्या घोसांवर पावसाळ्यात येणारा कोळेरोग, ज्यात कोवळ्या सुपाऱ्या काळ्या पडून टपाटप गळतात, तोही याच फायटोप्थोराच्या घराण्याचा उद्योग. त्यावरचा उपाय एकशे दहा वर्षांहून जुना आहे. म्हैसूर संस्थानचे वनस्पतिरोगतज्ज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास सुपारीच्या बागांत बोर्डो मिश्रणाची फवारणी करून दाखवली. हे मिश्रण मूळचे फ्रान्समधल्या बोर्डो भागातले. तिथे रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना शिसारी यावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्या वेलींवर केवडा पडत नाही हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी ते शास्त्राच्या चौकटीत मांडले. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी: हे प्रमाण रत्नागिरी-सिंधुदुर्गात अनेकांना तोंडपाठ असते. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात एकत्र करायचे, त्यात लोखंडी सुरीचे पाते बुडवून पाहायचे आणि पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालायचा. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवायचे.

रबरावरही उपाय हाच, तांब्याचा. तो रोग बरा करत नाही. रोगाला दारातच अडवतो. पानावर तांब्याचा पातळ लेप असेल तर बीजाणू आत शिरण्याआधी मरतो. एकदा का तो आत गेला, की वरून कितीही फवारा. त्यामुळे पालवी पक्व झाल्यानंतर आणि मोसमी पाऊस सुरू होण्यापूर्वी, म्हणजे एप्रिलची अखेर ते मे या अवधीत फवारणी उरकावी लागते. पोफळीच्या आणि रबराच्या फवारणीत फरक आहे तो उंचीचा आणि आकाराचा. पोफळीवर चढणारा माणूस घोसापुरते फवारतो. रबराचे झाड वीस मीटरपर्यंत जाते आणि पूर्ण छत्र भिजवावे लागते. एक टक्का बोर्डोने हेक्टरभर बाग भिजवायची तर हजारो लिटर पाणी वर चढवावे लागते. म्हणून तेलात मिसळणारे कॉपर ऑक्सिक्लोराइड आले. एक किलो पावडरीला पाच लिटर फवारणीचे तेल, आणि जमिनीवरून जोराच्या हवेने ते धुक्यासारखे वर फेकणारे यंत्र. हेक्टरला चाळीस लिटर तेल पुरते आणि तेलामुळे तांबे पावसातही पानाला धरून राहते. केरळातल्या मोठ्या मळ्यांनी हेच काम हेलिकॉप्टरमधूनही करून घेतले.

इथे एक गंमत आहे, तिला गंमत म्हणायचे असेल तर. झाडाचे औषध रबराचे विष आहे. तांब्याचा अंश चिकात मिसळला तर त्यापासून बनलेले रबर हवेतल्या ऑक्सिजनने लवकर कुजते, चिकट होते, ताकद गमावते. म्हणून फवारणीआधी झाडाला लावलेल्या करवंट्या किंवा वाट्या उपड्या करायच्या आणि चीक काढण्याच्या पट्ट्यावर औषधाचे ओघळ येऊ द्यायचे नाहीत. त्या पट्ट्यावर पावसाळ्यात हाच जीव दुसऱ्या रूपाने येतो. ताज्या कापावर उभ्या काळ्या रेषा उमटतात आणि साल कुजत जाते. पाने गेली तर वर्षाचे उत्पन्न जाते. पट्ट्यावरची साल गेली तर त्या झाडाची पुढची कित्येक वर्षे जातात, कारण चीक काढायला धड सालच उरत नाही.

या रोगावर एवढे सगळे माहीत असताना बागा उघड्या का पडतात? याचे उत्तर रोगशास्त्रात नाही, बाजारभावात आहे. २०११ मध्ये रबराने किलोला दोनशे रुपयांचा टप्पा मागे टाकला होता. २०१६ च्या सुरुवातीला तोच भाव शंभराच्या खाली आला. फवारणीचे तेल, तांबे, यंत्राचे भाडे आणि मजुरी यांपैकी काहीही त्याबरोबर खाली आले नाही. भारतातले नव्वद टक्क्यांहून अधिक रबर छोट्या धारकांकडून येते आणि त्यांची सरासरी बाग सव्वा-दीड एकराची. असा माणूस मे महिन्यात खिशातले पैसे मोजतो आणि फवारणी टाळतो. काहींनी तर चीक काढणेच बंद केले. ज्या बागेत चीकच काढायचा नाही तिच्यावर फवारणी कोण करणार? पण त्या बागेतली सडकी फळे आणि वाळलेल्या फांद्या पुढच्या वर्षीच्या रोगाचे बियाणे सांभाळून ठेवतात आणि ते शेजारच्याच्या कुंपणाशी थांबत नाही.

अशा शेतकऱ्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. त्याचा हिशेब मात्र चुकीचा नाही, अपुरा आहे. रोगाला चटकन बळी पडणाऱ्या वाणांत एका हंगामाची फवारणी चुकली तर उत्पन्न तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटल्याच्या नोंदी आहेत. रबराचा भर हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी, आणि त्या चिकासाठी लागणारी साखर पावसाळ्यातल्या पानांनी तयार करायची असते. पानेच नसतील तर झाड साठवणीवर जगते आणि त्याची भरपाई पुढच्या वर्षीही पुरी होत नाही. शिवाय मेमध्ये पाहिलेला भाव नोव्हेंबरात तोच राहील असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये रबराने २०११ चा उच्चांकही ओलांडला, तेव्हा विकायला माल नसलेले अनेक जण होते.

सरकारचा हिशेबही त्याहून बरा नाही. केरळ सरकारने २०१५ मध्ये किलोला १५० रुपयांचा आधारभाव देणारी योजना आणली. भाव पडलेल्या काळात तिने अनेक घरे सावरली, यात शंका नाही. मात्र ती पैसे देते विकलेल्या किलोवर. मेमधली फवारणी चुकल्याने जे किलो निघालेच नाहीत, त्यांच्यासाठी तिच्यात काही नाही. पडत्या भावाच्या वर्षी आधाराचा पहिला हप्ता तेल आणि तांब्याच्या रूपाने एप्रिलमध्ये मिळायला हवा, उरलेला नंतर भावाच्या रूपाने. गावोगावचे रबर उत्पादक संघ हे काम करू शकतात. सव्वा एकराच्या मालकाने फवारणी यंत्र घ्यावे ही अपेक्षाच चुकीची. पन्नास जणांच्या लागून असलेल्या बागांवर एकाच आठवड्यात एकच टोळी फिरली, तर खर्च वाटला जातो आणि मध्येच राहिलेला रोगाचा अड्डाही उरत नाही. जिथे संघ जिवंत आहेत तिथे हे होते. जिथे ते कागदावर आहेत तिथे प्रत्येक जण शेजाऱ्याच्या फवारणीची वाट पाहतो.

हा प्रश्न केरळपुरता ठेवून चालणार नाही. २०२३-२४ मध्ये देशात ८.५७ लाख टन नैसर्गिक रबर निघाले आणि गरज होती १४ लाख टनांहून अधिक. तूट आयातीने भरली जाते. विमानाचे आणि मालट्रकचे टायर कृत्रिम रबरावर भागत नाहीत. शस्त्रक्रियेचे हातमोजे, कॅथेटर, कुटुंबनियोजनाची साधने यांच्यासाठी लागणारा चीक याच झाडांचा. २०१८ च्या महापुराच्या वर्षी केरळात आधी पावसाने टॅपिंग थांबले आणि मग पानगळीने बागा झोडपल्या. देशाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या ६.९४ लाख टनांवरून साडेसहा लाखांवर घसरले.

आता कोकणाकडे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत गेल्या काही वर्षांत रबराच्या बागा वाढल्या. त्यातल्या कित्येक केरळातून आलेल्या लागवडदारांनी जमिनी घेऊन उभ्या केल्या. सह्याद्रीतले जंगल तोडून एकाच झाडाची लागवड करावी काय, हा वाद आहे आणि तो गंभीर आहे; इथे त्यात शिरण्याचे कारण नाही. जी बाग उभी आहे तिच्याबद्दल बोलायचे तर दोडामार्गचा पाऊस फायटोप्थोराला हवा तसाच आहे. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पालघर जिल्ह्यातल्या डापचरी इथे भारतीय रबर संशोधन संस्थेचे केंद्र आहे. पण तिथला अभ्यास प्रामुख्याने उन्हाळ्यातल्या कोरडेपणात रबर कसे तगते याचा. एकाच कोकणाच्या दोन टोकांना दोन उलटे प्रश्न आहेत आणि उत्तरेकडचे उत्तर दक्षिणेला पुरत नाही.

दक्षिण कोकणातल्या नव्या लागवडदाराने रोप घेताना वाणाचे नाव विचारले पाहिजे. मलेशियातून आलेला आरआरआयएम ६०० हा वाण चीक चांगला देतो, पण पावसाळी पानगळीला फार लवकर बळी पडतो. कोट्टायमच्या संशोधन संस्थेचा आरआरआयआय १०५ हा वाण १९८० मध्ये आला, तो या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही. केरळ बघता बघता त्यानेच भरून गेले. पण फुकट काहीच मिळत नाही. या वाणाला गुलाबी रोग लवकर जडतो. ऐन पावसात कोवळ्या झाडाच्या दुबेळक्यात कोळिष्टकासारखी पांढरी-गुलाबी जाळी दिसते आणि सालीतून चिकाचे ओघळ येतात. ते दिसताच खरवडून बोर्डोची पेस्ट लावली तर झाड वाचते. महिनाभर दुर्लक्ष झाले तर वरचा सगळा शेंडा वाळतो. कोरिनेस्पोरा नावाची आणखी एक बुरशीही याच वाणावर येते. तिच्या डागात पानाच्या शिरा काळ्या पडून माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. नव्वदच्या दशकात कर्नाटकच्या किनारी भागात तिने हाहाकार केला आणि त्याआधी श्रीलंकेत एक गाजलेला वाणच तिच्यामुळे मोडीत काढावा लागला. एकाच वाणाने सगळा डोंगर झाकणे ही सोय नसून जुगार आहे. दोन-तीन वाण मिसळून लावावेत असे संशोधक सांगत आले आहेत. रोपवाटिकेत मात्र जे तयार असते तेच विकले जाते.

पानांवरचा प्रत्येक डाग पानगळीचा नसतो, हेही नव्याने बागेत आलेल्यांनी ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळ्या पालवीवर पांढरी भुकटी पडली आणि पाने आक्रसून गळली तर ती भुरी. तिला गंधक लागते, तांबे नाही. महिना कोणता, पान कोवळे की जून, आणि डाग पानावर की देठावर, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी निम्मी गफलत टळते.

फवारणाऱ्या माणसाबद्दल कोणी फारसे बोलत नाही. २०१७ मध्ये यवतमाळच्या कपाशीत फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेने दगावले, तेव्हा महाराष्ट्र खडबडून जागा झाला आणि मग पुन्हा झोपला. तांबे त्या कीटकनाशकांइतके जहाल नाही. तरीही तेलाचे धुके वीस मीटर वर जाऊन पुन्हा फवारणाऱ्याच्याच अंगावर उतरते. ते श्वासावाटे आत जाते, डोळ्यांना झोंबते, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तोंडावरचा रुमाल हेच अनेकांचे एकमेव संरक्षण असते. मोरचुदाचे पाणी डोळ्यांत उडाले तर बुबुळाला इजा होऊ शकते. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन दवाखाना गाठावा. चष्मा, मास्क, हातमोजे आणि कामानंतर अंघोळीला साबण-पाणी, यांचा खर्च फवारणीच्या बिलातच धरायला हवा. ड्रोनने फवारणीचे प्रयोग सुरू आहेत. ते परवडणारे ठरले तर माणूस त्या धुक्यातून बाहेर पडेल. तोवर कृषी सहायकाने बागेत यायचे ते जुलैत गळलेली पाने मोजायला नव्हे, एप्रिलमध्ये तेलाचे पिंप आणि मास्कची पेटी उतरवायला.